पलटणीची हजेरी

"बाई, नाना गयात," निर्मलाने फोनवर सांगितलं, आणि मी विचारलं, "कुठे?"

सहा आठवडे होऊन गेले, तरी हा प्रश्न आठवला की माझीच मला लाज वाटते. पण माझा तरी किती दोष? आत्माराम नाना गेले म्हटल्यावर रनाळ्यात कुणीही हेच विचारलं असतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही हा माणूस कापडी पिशवी खांद्याला लावून सदा निघालेला. कधी पुण्याला जुनी कागदपत्रं बघायला, कधी सातपुड्यात कुणा शिपायाचं घर हुडकायला. अहिराणीत 'गयात' म्हणजे गावाला गेले आणि 'गयात' म्हणजे कायमचे गेले. कोणतं ते आवाजावरून ओळखायचं. पंचेचाळीस वर्षं या जिल्ह्यात काढूनही मला ते ओळखता आलं नाही. निर्मला, नानांची सून, म्हणाली, "बाई… आज सकायले. च्या पेता पेता." तेव्हा कुठे मी खाली बसले.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची पाटबंधारे खात्यात बदली झाली म्हणून नंदुरबारला आले आणि रनाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. नाना तिथे इतिहास शिकवायचे. आमची ओळख भांडणातून झाली. वर्गात पोरी उभ्या राहून "बाई, मन्हं पुस्तक घर शे" म्हणायच्या आणि माझं डोकं फिरायचं. 'शे' नाही, 'आहे' म्हणा! भाषांतराच्या वह्यांमधून तर मी लाल पेनाने इतके 'शे' खोडले आहेत की त्यांची रास घातली तर शाळेच्या पायऱ्या झाकल्या जातील. एक दिवस शिक्षकांच्या खोलीत नाना म्हणाले, "बाई, तुम्ही इंग्रजीचं 'इज' शिकवता ना? मग आमच्या 'शे'नं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "परीक्षेत 'शे'ला मार्क मिळत नाहीत." ते हसले. "मार्क नसतील. पण 'शे' म्हणजे 'आहे'च. जे आहे, ते खोडून जात नाही." मला हा माणूस आगाऊ वाटला होता, हे कबूल करते.

पुढे कळलं की नानांना एक वेड आहे. कंपनी सरकारच्या काळात उभी राहिलेली पायदळाची एक पलटण. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणी काही चूक काढली तर उत्तर द्यायला आता नाना नाहीत. त्या पलटणीचा आकडा बदलला, नाव बदललं, लाल डगले जाऊन खाकी आली, आणि शेवटी ती दुसऱ्याच एका रेजिमेंटमध्ये मिसळून गेली. तिचा इतिहास साहेब लोकांनी लिहून ठेवला होता, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. त्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा नानांनी पुण्याहून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. इंग्रजी त्यांना येत होतं, पण साहेबी इंग्रजीत ते अडखळायचे. मग शनिवारी शाळा अर्धी सुटली की मी वाचायची आणि ते लिहून घ्यायचे. कुठल्या लढाईत कोण साहेब पडला, कुणाला बिल्ला मिळाला, मेसमध्ये पाळलेल्या कुत्र्याचं नाव काय, सगळं होतं त्यात. शिपायांच्या जागी मात्र फक्त इतके मेले नि इतके जखमी. "कुत्र्याचं नाव सापडलं बघा," नाना म्हणायचे, "शिपायाचं नाही."

म्हणून त्यांनी स्वतःच नावं गोळा करायला घेतली. शाळेत जुनं झालेलं एक कोरं हजेरीपत्रक होतं, तेच त्यांनी हेडमास्तरांकडून मागून घेतलं. त्यात खानदेशातून त्या पलटणीत गेलेल्या एकेका शिपायाचं नाव लिहायचं. पुढे गाव. आणि त्या शिपायाचं घर सापडलं, घरात कुणी "हो, हा आमचाच" म्हणालं, की समोर 'ह' मांडायचा. हजर. पक्का पुरावा मिळाल्याशिवाय 'ह' नाही. एका नावासाठी ते होडीत बसून मणिबेलीपर्यंत गेले होते. तिथल्या म्हाताऱ्याने धरणाच्या पाण्याकडे हात करून सांगितलं, की आमचं घर, आमची शेतं, आमच्या पूर्वजांच्या खुणा सगळं त्याखाली आहे. नाव मात्र त्याला पाठ होतं, बापाचं, आज्याचं, खापरपणज्याचं. नाना परत आले ते नाचतच. "घर बुडालं बाई, पण शिपाई हजर!"

हजेरीपत्रकात एक नंबरच्या ओळीत 'दगा नथ्थू, रनाळे' असं लिहिलेलं होतं, आणि समोरचा रकाना कोरा. सगळ्यात जवळच्या गावचा माणूस आणि त्यालाच हजेरी नाही! मी चिडवायची, "नाना, काखेत कळसा आणि गावाला वळसा." ते पान उलटायचे. चार-पाच वर्षं अशी थट्टा केल्यावर एकदा निर्मलानेच मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, की दगा म्हणजे नानांचे आजोबा. त्या दिवसापासून ती थट्टा मी बंद केली.

गोष्ट अशी होती. दगाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, तेव्हा आईबापांनी दगडासारखा टिकावा म्हणून नाव ठेवलं दगा. तो पहिल्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत भरती झाला आणि इराकमध्ये बसऱ्याकडे गेला. घरी बायको, तिच्या पोटात नानांचे वडील. लढाई संपली, शेजारच्या गावचा एक गडी परत आला आणि पारावर बसून बोलून गेला, की एका सकाळी दगा हजेरीला नव्हता. तेवढंच बोलला तो. बाकीचं गावाने पुरं केलं. हजेरीला नव्हता म्हणजे पळाला. सरकारचा काही कागदही आला नाही, म्हणजे पळालाच. आणि नावही कसं, दगा! 'दगानी दगा दिधा' ही म्हण झाली गावात. घराला नाव पडलं 'पयेल', म्हणजे पळालेल्याचं घर. नानांच्या वडिलांना पयेलचा पोर म्हणत. खुद्द नानांना पाटी-पेन्सिलच्या वयात पोरं चिडवायची आणि ते घरी येऊन आजीच्या मांडीत डोकं खुपसायचे.

ती आजी म्हणजे ठकूमाय. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मनियारीण दारात यायची आणि ठकूमाय हात पुढे करून हिरव्या बांगड्या भरून घ्यायची. बाया खोचून विचारायच्या, "कोनासाठे भरस वं बांगड्या? त्या पयेलसाठे?" ती म्हणायची, "तो शे. कोठे बी ऱ्हावो, पन शे." खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा घास अग्नीला देतात. सासऱ्याची घागर भरली, सासूची भरली, पुढे मुलाचीही भरायची वेळ तिच्यावर आली. दगाची घागर तिने कधी भरू दिली नाही. जो आहे त्याची घागर कशी भरायची? ती कुंकवानिशी, बांगड्यांनिशी गेली. तेव्हा नाना विशीत होते. पलटणीचा इतिहास वगैरे आम्ही शहाणी माणसं म्हणत होतो. नाना एका माणसाला शोधत होते, पळाला की मेला, एवढंच.

आता माझ्या चुकीकडे येते. ती लिहिल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तेरा वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने त्या युद्धात पडलेल्या शिपायांची यादी मिळवून पाठवली. बापाचं नाव नाही, गाव नाही. नुसता नंबर, हुद्दा आणि नाव. आम्ही दोघं ओसरीवर बसलो. मी बोट ठेवून एकेक नाव वाचत होते आणि नाना डोळे मिटून ऐकत होते. दगा नथ्थू नाही, दगा पाटील नाही. मध्येच एक ओळ आली. "शिपाई दगा शेक," मी वाचलं. नानांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "शेख आहे हो. मुसलमान. आपला नाही." आणि पुढच्या ओळीवर गेले. नानांनीही मान हलवली. पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांनी अकरा वर्षं खाल्ली.

अकरा वर्षांनी, म्हणजे परवा-परवा, दोन वर्षांपूर्वी, नाना रेशनकार्डाच्या कामासाठी नंदुरबारला एका कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढे त्यांच्याच गावची एक म्हातारी होती. मशीनवर बसलेली बाई विदर्भाकडची, नवीन. तिने विचारलं, "नाव सांगा आजी." म्हातारी म्हणाली, "मन्हं नाव सखू शे." त्या बाईने टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं, "सखू शेख. बरोबर?" सगळी रांग खो-खो हसली. म्हातारी बावरून म्हणाली, "काय म्हनस वं माय? मी पाटीलनी शे!" पुन्हा हशा. नाना हसले नाहीत. ते रांग सोडून निघाले, रिक्षा केली आणि थेट माझ्या दारात. रिक्षा! आयुष्यभर पायी चालणारा माणूस. उंबऱ्यातच उभं राहून, धापा टाकत त्यांनी विचारलं, "बाई, भरतीच्या वेळी कारकुनानं विचारलं असेल, नाव काय? तर आबा काय बोलला असेल?"

मला आधी कळलंच नाही.

"मन्हं नाव दगा शे," नाना म्हणाले. आणि मग एकेक शब्द तोडून, "दगा… शे."

माझ्याच तोंडून ते नाव ओसरीवर उच्चारलं गेलं होतं आणि मीच त्याला परकं ठरवून पुढे गेले होते. आयुष्यभर 'शे' खोडत आले, आणि जिथे तो ओळखायचा होता तिथे ओळखला नाही. मी रडले. नानांसमोर पहिल्यांदाच. म्हटलं, "नाना, माझ्यामुळे अकरा वर्षं गेली." ते पाणी पिऊन जरा थंड झाले होते. म्हणाले, "बाई, तुम्ही परगावच्या. मी तर अहिराणीतच जन्मलो. मी पण मान हलवलीच ना?" मग पेला खाली ठेवून म्हणाले, "आणि तो कारकून तर समोर बसला होता हो. आपल्यापेक्षा त्याची चूक मोठी."

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी गावभर पेढे वाटून आला असता. नानांनी हजेरीपत्रक उघडलं आणि तसंच मिटलं. "पुरावा कुठे आहे? खरंच कुणी दगा शेख असला तर? माझा म्हणून मी त्याला घरी आणला आणि तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर? त्या घरानं कुणाची वाट बघायची?" मी वैतागले. हातातोंडाशी आलेला घास हा माणूस ताटात परत ठेवत होता. पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. मग ठरलं, की रनाळ्यात शेखांचं जुनं घर एकच, मनियारांचं, तिथे जाऊन विचारायचं.

जैतूनचाची तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. तीन पिढ्यांचा बांगड्यांचा धंदा. नानांनी विचारलं, "चाची, तुमच्या घरात पूर्वी कुणी दगा नावाचा होता का? लढाईवर गेलेला?" चाचींनी कपाळावर हात मारला. "हमारे में दगा नाम कौन रखेगा रे आत्माराम? दगा तो धोका होता!" नाना हसायला लागले. मग चाचींचं हसू एकदम थांबलं. "लढाई बोला क्या तू?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि सुनेला हाक मारून बांगड्यांची जुनी लाकडी पेटी खाली काढायला लावली. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. "सास बोलती थी, उसकी सास के वक्त डाकवाला दे गया. नाम अपने किसी का नहीं. लेकिन सरकारी चीज है, किसी की अमानत है, फेंकना नहीं."

बशीएवढी काशाची चकती होती ती. तिच्यावर एक उभी बाई, एक सिंह आणि चौकटीत उठवलेली अक्षरं. त्या लढाईत मेलेल्या शिपायांच्या घरी सरकार अशा चकत्या पाठवत असे, हे आम्हाला वाचून माहीत होतं. नानांना चष्म्यातून दिसेना, की त्यांना बघवेना, कोण जाणे. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती माझ्याकडे दिली. "वाचा बाई."

"दगा शे…" मी वाचलं, आणि शेवटचं अक्षर गिळून टाकलं.

पोस्टमनचीही काही चूक नव्हती. पाकिटावर शेख असेल, गावात शेखांचं घर एक, तो तिथे देऊन मोकळा झाला. चाचींच्या घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, ठकूमायला मराठीही वाचता येत नव्हतं. पण मला राहून राहून दिसत होता तो आखाजीचा सण. मनियारीण पेटी उघडायची, ठकूमाय हात पुढे करायची, बांगड्या भरल्या जायच्या, आणि त्याच पेटीच्या तळाशी तिच्या नवऱ्याच्या मरणाची खबर फडक्यात गुंडाळलेली असायची. वर्षानुवर्षं. बांगड्या भरणारी तीच, आणि बांगड्या फोडायला लावणारी वस्तूही तिच्याचकडे. मी हे बोलले, तेव्हा चाची डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मालूम होता तो देती नहीं क्या?" नाना त्यांच्यासमोर उकिडवे बसले, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "चाची, नही दिधं तेच बरं व्हयनं. मोठी माय सुखमा गयी." मोठी माय म्हणजे ठकूमाय.

बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. पळपुट्याची बायको म्हणून तिने टोमणे सोसले, पण ती सवाष्ण राहिली. चकती योग्य दारात आली असती तर टोमणे संपले असते आणि बांगड्याही. यातलं कोणतं दुःख कमी, हे सांगणारी मी कोण.

त्या वर्षीच्या आखाजीला नानांनी चाचींना मानाने घरी बोलावलं. चकती चाचींनीच आपल्या हाताने आणून दिली, सगळ्या गल्लीसमोर. पारावरची दोन-तीन म्हातारी माणसंही आली होती. त्यातला एकजण बराच वेळ ती चकती उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "नाना, इतला वरीस आम्ही पयेल म्हनूत… आते काय म्हनानं?" नाना म्हणाले, "दगा म्हना. त्यानं नावच ते शे." ओट्यावर नवी लाल घागर मांडली होती, शेजारी डांगर, शेजारी रस. निर्मलाने पाणी ओतायच्या आधी हात आखडला. "नाना, मोठी माय तर म्हने, तो शे. तिनी कधी घागर भरू दिधी नही. आते आपन भरूत का?" मलाही वाटलं, आता हे पाणी ओतलं की ठकूमाय खरोखर विधवा होणार, मेल्यानंतर साठ वर्षांनी. नानांनी तांब्या स्वतःच्या हातात घेतला. "भरूत. शंभर वरीस तिसना व्हयेल शे तो," असं म्हणून त्यांनी सावकाश, एक थेंब न सांडता, घागर काठोकाठ भरली. शंभर वर्षांचा तहानलेला होता तो.

त्यानंतर नानांचं इतिहासाचं वेड कमी होईल असं मला वाटलं होतं. उलट ते वाढलं. "आता यादीतल्या सगळ्या शेकांना पुन्हा तपासायला हवं बाई," म्हणाले, आणि आम्ही ती यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली. या वेळी मी एकही ओळ ओलांडली नाही. त्यातून ब्राह्मणपुरीचा एक शिपाई सापडलाही. शेवटची आमची बैठक ते गेले त्याच्या आधीच्या शनिवारची. जाताना त्यांनी यादीत खूण म्हणून शेवग्याची वाळकी शेंग घातली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी इथून." ती शेंग अजून तिथेच आहे.

परवा निर्मलाने मला बोलावलं. नानांची खोली आवरायची होती आणि कागदांना हात लावायची तिला भीती वाटत होती. खिडकीत चकती ठेवलेली, चाचींच्याच फडक्यावर. चाचीही मागच्या हिवाळ्यात गेल्या. टेबलावर हजेरीपत्रक. मी सवयीने पर्समधून लाल पेन काढलं, अजून ते सुटत नाही, आणि पहिलं पान उघडलं. एक नंबरच्या ओळीत नानांच्या सावकाश, वळणदार अक्षरात 'दगा नथ्थू, रनाळे'. समोरचा रकाना आता कोरा नव्हता. पण तिथे सगळ्यांसारखा 'ह'ही नव्हता.

तिथे लिहिलं होतं, 'शे'.

घागर भरली त्याच दिवशीची तारीख होती. पुराव्याच्या माणसाने पुरावा मिळाल्यावर घागर भरली, आणि हजेरीत मात्र आजीचा शब्द लिहिला. मी लाल पेन हातात धरून ते अक्षर बघत होते. निर्मला दारातून म्हणाली, "बाई, काय चुकनं का?"

"नाही गं, बरोबर आहे," मी म्हटलं. मग पानं उलटत शेवटच्या नावापर्यंत गेले. त्याच्या खालच्या रिकाम्या ओळीत लिहिलं, 'आत्माराम भिका, रनाळे'. आणि समोरच्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, लाल पेनाने लिहिलं, 'शे'.